प्लेऑफमध्ये क्वार्टरबॅक खरंच भारी खेळला का, हे ओळखायचं कसं: नवीन बघणाऱ्यांसाठी

जानेवारी आला की अमेरिकेतल्या ऑफिसांत, कॉलेजांत एकच वाद सुरू होतो, अमका क्वार्टरबॅक (टीमचा पास फेकणारा मुख्य खेळाडू) प्लेऑफचा (सीझननंतरच्या बाद फेरीचा) माणूस आहे आणि तमका रेग्युलर सीझनला लाख भारी पण प्लेऑफ आले की ढेपाळतो. तिकडे नवीन गेलेल्या किंवा इकडे पुण्या-नाशकात पहाटे उठून एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघायला लागलेल्या आपल्या लोकांनाही त्यात बोलायचं असतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही आणि मग सगळे जण हाताशी असलेलं सोपं माप उचलतात, किती सुपर बोल (लीगची फायनल) जिंकले? हे माप खोटं नाही, पण ते टीमचं माप आहे आणि ते सगळ्यात शेवटी काढायचं असतं. त्याआधी काय काय बघायचं ते या लेखात सांगतो, क्रमाने केलंत तर दोन-तीन वीकेंडमध्ये नजर बसते.

आधी दोन मॅच शेजारी शेजारी ठेवू, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. फेब्रुवारी २०१८, सुपर बोल ५२, मिनियापोलिस. टॉम ब्रेडीने ४८ पैकी २८ पास पूर्ण केले, ५०५ यार्ड, ३ टचडाउन (बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार, सहा पॉइंट), एकही इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेला पास) नाही, आणि त्याची टीम न्यू इंग्लंड पेट्रियट्स ईगल्सकडून ४१-३३ हरले. बरोबर एक वर्षाने, फेब्रुवारी २०१९, सुपर बोल ५३, अटलांटा. तोच ब्रेडी, ३५ पैकी २१ पास, २६२ यार्ड, टचडाउन शून्य, इंटरसेप्शन एक, आणि पेट्रियट्स रॅम्सवर १३-३ जिंकले. अंगठी (सुपर बोल जिंकणाऱ्यांना देतात ती) दुसऱ्या मॅचची मिळाली. आता फक्त अंगठ्या मोजणाऱ्याच्या हिशोबात ब्रेडी २०१८ ला कमी पडला आणि २०१९ ला ग्रेट ठरला, जे मॅच बघितलेला कुठलाही माणूस मान्य करणार नाही.

पायरी १: प्लेऑफ म्हणजे किती मॅच ते आधी डोक्यात फिट्ट करा

रेग्युलर सीझनला प्रत्येक टीम १७ मॅच खेळते (२०२१ पासून, त्याआधी १६ होत्या). प्लेऑफला २०२० च्या सीझनपासून १४ टीम जातात, दोन्ही कॉन्फरन्सच्या सात-सात. पहिल्या नंबरच्या टीमला पहिला राउंड सुट्टी, बाकीच्या वाइल्ड कार्ड खेळतात, मग डिव्हिजनल, मग कॉन्फरन्स चॅम्पियनशिप, मग सुपर बोल. हरलात की घरी. म्हणजे एका वर्षात क्वार्टरबॅकच्या वाट्याला जास्तीत जास्त चार मॅच आणि बऱ्याच जणांना एकच.

आता चार मॅचमध्ये काहीही होऊ शकतं, हे कळायला जो फ्लॅको बघा. २०१२ च्या सीझनला बाल्टिमोरकडून तो रेग्युलर सीझनमध्ये २२ टचडाउन आणि १० इंटरसेप्शन असा ठीकठाक खेळला होता, आणि प्लेऑफच्या चार मॅचमध्ये त्याच माणसाने ११ टचडाउन मारले, इंटरसेप्शन एकही नाही, डेन्व्हरला पेटन मॅनिंगला त्याच्या घरी हरवलं, न्यू इंग्लंडला ब्रेडीला त्याच्या घरी हरवलं आणि सुपर बोलला ४९अर्सना ३४-३१. माझ्या मते क्वार्टरबॅकने केलेल्या सगळ्यात सुंदर प्लेऑफ रनपैकी हा एक आहे आणि त्याचं श्रेय त्याला पूर्ण द्यायलाच हवं. पण पुढच्या सीझनला त्याची टीम, बाल्टिमोर रेव्हन्स, ८-८ राहिली, प्लेऑफलाही गेली नाही. तो महिना अफाट होता हे खरं आणि तो माणूस एरवी साधारण होता हेही खरं. त्यामुळे नियम एकच करा, एका वर्षावरून कोणाला मोठा करू नका आणि कोणाला चोकर म्हणू नका, दहाएक प्लेऑफ मॅच होईपर्यंत थांबा.

पायरी २: रेटिंग वाचायला शिका आणि त्यात काय नसतं तेही

स्क्रीनवर पासर रेटिंग म्हणून आकडा येतो तो १९७३ पासून वापरात आहे आणि त्याची कमाल १५८.३ आहे. ती १०० का नाही असं सगळे नवीन लोक विचारतात. तर त्यात चार भाग असतात, पूर्ण झालेल्या पासची टक्केवारी, दर पासमागे यार्ड, टचडाउनची टक्केवारी, इंटरसेप्शनची टक्केवारी. प्रत्येक भागाला शून्य ते २.३७५ मार्क, चौघांची बेरीज करायची, सहाने भागायचं, शंभरने गुणायचं.

ब्रेडीची ती हरलेली मॅच करून बघू. ५८.३ टक्के पास पूर्ण, त्यातून ३० वजा करून ०.०५ ने गुणलं की १.४१७. दर पासमागे १०.५२ यार्ड, त्यातून ३ वजा करून ०.२५ ने गुणलं की १.८८. टचडाउन ६.२५ टक्के, गुणिले ०.२ म्हणजे १.२५. इंटरसेप्शन नाही म्हणून पूर्ण २.३७५ (असती तर टक्केवारीला ०.२५ ने गुणून यातून वजा केलं असतं). बेरीज ६.९२ च्या आसपास, रेटिंग आलं ११५.४. हेच गणित जिंकलेल्या मॅचचं केलंत की ७१.४ येतं. एकदा हाताने करून बघाच, मग टीव्हीवर आकडा आला की त्याच्या पोटात काय आहे ते दिसायला लागतं.

आणि काय नाही तेही. सॅक (पास फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं) नाही, फंबल (हातातून सुटलेला बॉल) नाही, क्वार्टरबॅक स्वतः पळाला ते नाही. सुपर बोल ५२ मध्येच शेवटची अडीच मिनिटं उरायच्या आत, पेट्रियट्स ३८-३३ मागे असताना, ईगल्सच्या ब्रँडन ग्रॅहमने ब्रेडीच्या हातातून बॉल उडवला, मॅचचा तो सगळ्यात मोठा क्षण आणि ११५.४ मध्ये त्याची नोंदच नाही. तसंच ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स, सुपर बोल ५७, कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध. पासचं रेटिंग १०३.४, म्हणजे चांगलं. पण त्याने पळत ७० यार्ड आणि ३ टचडाउन काढले ते त्यात नाही, आणि पहिल्या हाफमध्ये त्याच्या हातून बॉल सुटला तो चीफ्सच्या निक बोल्टनने उचलून थेट टचडाउन केला तेही त्यात नाही, आणि मॅच तीन पॉइंटने गेली, ३८-३५. फक्त रेटिंग बघणाऱ्याला हर्ट्सची सगळ्यात चांगली बाजूही कळली नाही आणि सगळ्यात महाग चूकही.

म्हणून मी दुसरं माप वापरतो आणि तुम्हीही वापरा, दर प्रयत्नामागे अॅडजस्टेड नेट यार्ड. पासचे यार्ड घ्या, प्रत्येक टचडाउनला २० मिळवा, प्रत्येक इंटरसेप्शनला ४५ वजा करा, सॅकमध्ये गेलेले यार्ड वजा करा आणि पास अधिक सॅक एवढ्यांनी भागा. ब्रेडीची २०१८ ची मॅच ११.४ येते, २०१९ ची ५.८. फंबल आणि पळणं इथेही नाही, ते वेगळं लिहून ठेवावं लागतं, पण सॅक आला हे फार मोठं काम झालं.

सॅकचं एवढं काय असं वाटत असेल तर सुपर बोल ५१ बघा, फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन. फाल्कन्स पेट्रियट्सविरुद्ध २८-३ पुढे होते आणि ३४-२८ हरले ते सगळ्यांना माहीत असतं. फाल्कन्सचा क्वार्टरबॅक मॅट रायनचे आकडे त्या मॅचमध्ये २३ पैकी १७ पास, २८४ यार्ड, २ टचडाउन, इंटरसेप्शन शून्य, रेटिंग १४४.१. सुपर बोल हरलेल्या माणसाचे आकडे आहेत हे सांगूनही पटत नाही. आता चौथ्या क्वार्टरला या. फाल्कन्स २८-२० पुढे, साडेचार मिनिटांच्या आसपास उरलेत, फाल्कन्सच्या ज्युलिओ जोन्सने साइडलाइनला पाय आत ठेवून घेतलेला तो कॅच, बॉल पेट्रियट्सच्या २२ यार्डवर. तिथून फील्ड गोल (किकने तीन पॉइंट) मारला की ३१-२०, म्हणजे दोनदा स्कोअर केल्याशिवाय न्यू इंग्लंडला बरोबरी नाही, जवळपास मॅच संपली. एक रन, एक यार्ड मागे. मग पास कॉल झाला, पेट्रियट्सचा ट्रे फ्लावर्स मधून घुसला, रायनने बॉल धरून ठेवला आणि सॅक, १२ यार्ड मागे, ३५ वर. पुढच्या प्लेला होल्डिंगची पेनल्टी, आणखी १० मागे, ४५ वर. फील्ड गोल हातचा गेला, पंट (लाथेने लांब मारून बॉल समोरच्यांना देणं) करावा लागला, आणि ब्रेडीने तिथून ९१ यार्डचा ड्राइव्ह (सलग प्लेची चाल) करून बरोबरी केली.

१४४.१ मध्ये ही सॅक नाही. पूर्ण मॅचमध्ये रायनला पाच सॅक झाले, ४४ यार्ड गेले, ते धरले तर अॅडजस्टेड आकडा १०.० येतो, म्हणजे तरीही फार चांगला. माझं मत असं की रायनवर त्या मॅचचा जेवढा राग काढला जातो तो अन्याय आहे, पास कॉल करणं कोचचं काम होतं, त्याच्या डिफेन्सने ९३ प्ले मैदानावर काढले होते आणि ओव्हरटाइममध्ये त्याच्या हातात बॉलच आला नाही. पण ती एक सॅक मात्र त्याच्या नावावर लिहायची, तिथे बॉल बाहेर फेकून द्यायला हवा होता. न्याय करायचा तर असा, मॅचचा निकाल अख्खा त्याच्या गळ्यात घालायचा नाही आणि त्याचा प्ले दुसऱ्याच्या नावावर टाकायचा नाही.

पायरी ३: समोर कोण होतं आणि त्याला उभं राहायला वेळ किती मिळाला

रेग्युलर सीझनला पडेल टीमही वाट्याला येतात, प्लेऑफला येत नाहीत, त्यामुळे जवळपास सगळ्यांचे आकडे थोडे खाली येणार हे धरूनच चालायचं. त्यात ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभी राहून त्याला वाचवणारी फळी. सुपर बोल ५५ ला चीफ्सच्या पॅट्रिक मेहोम्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे खेळाडू), फिशर आणि श्वार्ट्झ, दुखापतीने बाहेर होते आणि टँपाने त्याला मॅचभर पळवलं, ४९ पैकी २६ पास, टचडाउन नाही, दोन इंटरसेप्शन, ३१-९ हार. ती मॅच पुन्हा बघितलीत तर जमिनीला समांतर पडता पडता त्याने फेकलेले पास रिसीव्हरच्या हातापर्यंत पोचलेले दिसतील, काही तर त्यांच्या हातातून सुटले. आकडे वाईट, खेळ तेवढा वाईट नाही.

उलट जो बरो, जानेवारी २०२२, टेनेसी. नऊ सॅक! नऊ वेळा आडवा केला त्याला आणि तरी ३७ पैकी २८ पास, ३४८ यार्ड, बेंगल्स १९-१६ जिंकले. यातले काही सॅक त्याचे स्वतःचेही होते, तो बॉल जास्त वेळ धरतो, पण मार खाऊन पुढच्या प्लेला तशाच थंड डोक्याने उभं राहणं, हे गुण देण्यासारखंच आहे.

मॅच बघताना सोपी युक्ती सांगतो. स्नॅप झाला (प्ले सुरू करायला बॉल क्वार्टरबॅककडे मागे दिला) की बॉलकडे बघू नका, मनात एक-दोन-तीन म्हणा. तीन म्हणायच्या आत कोणी अंगावर आलं तर लाइनचा दोष, तीननंतरही बॉल हातातच असेल तर बहुतेक वेळा क्वार्टरबॅकचा किंवा रिसीव्हर मोकळेच झाले नसतील. दोन मॅच असं केलंत की सॅकचा हिशोब आपोआप जमायला लागतो.

थंडी-वाराही लिहा. उत्तरेतल्या उघड्या स्टेडियममध्ये जानेवारीत बॉल दगडासारखा होतो. जानेवारी २०२४ ला कॅन्सस सिटीत उणे २० सेल्सियसला मायामीसोबत मॅच झाली, तिथल्या आकड्यांची तुलना बंद छताखालच्या आकड्यांशी करण्यात अर्थ नाही.

पायरी ४: आकडे कधी आले ते बघा

ही पायरी लोक हमखास विसरतात. सुपर बोल ५९, फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स. मेहोम्सचे शेवटचे आकडे ३२ पैकी २१, २५७ यार्ड, ३ टचडाउन, २ इंटरसेप्शन, रेटिंग ९५.४. कागदावर बरं दिसतं. पण हाफटाइमला त्याचे फक्त ३३ यार्ड होते, दोन्ही इंटरसेप्शन तोवर झालेले, त्यातला एक कूपर डिजीनने थेट टचडाउनला नेलेला आणि स्कोअर ईगल्स २४, चीफ्स शून्य. चीफ्सचा पहिला टचडाउन आला तेव्हा स्कोअर ३४-० होता. तोवर मॅच संपलेली होती, ईगल्स फक्त घड्याळ संपवत होते आणि मधले पास होऊ देत होते. याला गार्बेज टाइम म्हणतात, आणि त्यातले यार्ड मोजायचे तर बाजूला वेगळे मोजायचे.

याच कारणासाठी आता एक्स्पेक्टेड पॉइंट्स अॅडेड, ईपीए, वापरतात. कल्पना सोपी आहे. मैदानावर तुम्ही कुठे आहात, कितवा डाउन (१० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी कितवी) आहे, किती यार्ड हवेत यावरून अशा परिस्थितीतून टीमला सरासरी किती पॉइंट मिळतात ते जुन्या हजारो प्लेवरून माहीत असतं, मग तुमच्या प्लेने तो आकडा वाढवला की घटवला एवढंच मोजायचं. थर्ड डाउनला ८ हवे असताना ९ यार्डचा पास म्हणजे ड्राइव्ह जिवंत, थर्ड डाउनला १५ हवे असताना तोच ९ यार्डचा पास म्हणजे पंट. साध्या यार्डात दोन्ही सारखेच दिसतात, ईपीएमध्ये दिसत नाहीत. मात्र नुसत्या ईपीएला स्कोअर कळत नाही, त्यामुळे गार्बेज टाइम वगळून काढलेला आकडा मिळाला तर तोच घ्या, नाहीतर प्ले-बाय-प्ले उघडून स्वतः वगळा. प्रो फुटबॉल रेफरन्सवर जुन्या मॅचचे प्ले-बाय-प्ले सगळे पडलेले आहेत, फुकट आहेत.

पायरी ५: नशिबाचा हिशोब वेगळ्या पानावर

एखाद्याने फायनलला सेंच्युरी मारली आणि टीम हरली तर आपण त्या बॅट्समनला नावं ठेवत नाही, तोच न्याय इथेही लावायचा.

बफेलो विरुद्ध कॅन्सस सिटी, जानेवारी २०२२, डिव्हिजनल राउंड. माझ्या मते नवीन माणसाने पूर्ण बघावी अशी एकच जुनी मॅच विचारली तर ही. शेवटच्या दोन मिनिटांत दोघांचे मिळून २५ पॉइंट झाले. बफेलोच्या जोश अॅलनने फोर्थ डाउनला १३ यार्ड हवे असताना, म्हणजे चुकलं तर जवळपास मॅच गेली अशा जागी, गेब डेव्हिसला २७ यार्डचा टचडाउन टाकला. मेहोम्सने लगेच टायरीक हिलला देऊन परत आघाडी घेतली. अॅलनने पुन्हा डेव्हिसला, त्या मॅचमधला डेव्हिसचा चौथा टचडाउन, ३६-३३, आणि घड्याळात १३ सेकंद. त्या १३ सेकंदांत मेहोम्सने दोन पासमध्ये ४४ यार्ड काढले, बटकरने ४९ यार्डचा फील्ड गोल मारला, ओव्हरटाइम. टॉस कॅन्सस सिटीने जिंकला, पहिल्याच ड्राइव्हला टचडाउन, ४२-३६, संपलं. अॅलनच्या हातात बॉल आलाच नाही. ३७ पैकी २७, ३२९ यार्ड, ४ टचडाउन, इंटरसेप्शन शून्य आणि रेकॉर्डमध्ये नोंद काय, तर एक हार. त्यानंतर दोनच महिन्यांत लीगने नियम बदलला, आता प्लेऑफच्या ओव्हरटाइममध्ये दोन्ही टीमना बॉल मिळतो. आणि त्याच्या आधीच्याच आठवड्यात अॅलनने न्यू इंग्लंडला ४७-१७ असं हरवलं होतं, शेवटचं घड्याळ संपवणं सोडलं तर सातच्या सात ड्राइव्हला टचडाउन! त्या महिन्यात जगातला सगळ्यात भारी क्वार्टरबॅक तोच होता असं मी आजही म्हणेन.

नशिबाच्या पानावर काय काय लिहायचं? हातातून सुटलेले सोपे कॅच (जानेवारी २०२५, बाल्टिमोरची बफेलोतली मॅच, बरोबरीसाठी टू-पॉइंटचा (टचडाउननंतर दोन जादा पॉइंटसाठीचा) पास बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनने नीट दिला, मार्क अँड्र्यूजच्या हातातून गेला, २७-२५, पण पहिल्या हाफमध्ये लमारने स्वतः एक इंटरसेप्शन आणि एक फंबल दिला होता तो मात्र त्याच्याच पानावर). डिफेन्सच्या हातातून सुटलेले इंटरसेप्शनही लिहायचे, ते कोणी लिहीत नाही. सुपर बोल ४२ ला पेट्रियट्सविरुद्ध जायंट्सच्या ईलाय मॅनिंगने टायरीला दिलेला तो हेल्मेटवरचा कॅच सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या अगदी आधीच्या प्लेला पेट्रियट्सच्या असँटे सॅम्युएलच्या हातांतून ईलायचा पास निसटला होता, तो धरला असता तर पेट्रियट्स तो सीझन एकही मॅच न हरता संपवतात. किकरचे फील्ड गोल लिहायचे. रेफरीचे निर्णयही, जानेवारी २००२ च्या बर्फातल्या मॅचमध्ये ब्रेडीचा फंबल टक रूलमुळे (पासची हालचाल सुरू झाल्यावर सुटलेला बॉल फंबल न धरता अपुरा पास धरायचा नियम) रद्द झाला, पेट्रियट्स जिंकले, पुढे सुपर बोल जिंकले, आणि तो नियमच २०१३ ला काढून टाकला. यातून ब्रेडी लहान होत नाही, पण सात अंगठ्यांतली पहिली कशी आली ते माहीत असावं.

पायरी ६: त्याची तुलना आधी त्याच्याशीच करा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे आणि मला वाटतं सगळ्यात उपयोगाची. रेग्युलर सीझनचं करिअर रेटिंग घ्या, प्लेऑफचं घ्या, शेजारी ठेवा.

ब्रेडी आणि पेटन मॅनिंग. प्लेऑफ रेकॉर्ड ब्रेडी ३५-१३, मॅनिंग १४-१३, जमीन-अस्मानाचा फरक, आणि याच जोरावर वीस वर्षं मॅनिंगला प्लेऑफमध्ये ढेपाळणारा म्हणत आले. आता रेटिंग. ब्रेडी रेग्युलर ९७.२, प्लेऑफ ८९.८. मॅनिंग रेग्युलर ९६.५, प्लेऑफ ८७.४. दोघंही खाली आले, एक सात पॉइंटने, एक नऊने. म्हणजे पास फेकण्यातला फरक जेमतेम अडीच पॉइंटचा आणि रेकॉर्डमधला फरक एवढा मोठा. उरलेलं कुठून आलं? डिफेन्स, कोच, किकर. जानेवारी २००६ ला पिट्सबर्गविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत मॅनिंगच्या किकरने ४६ यार्डचा फील्ड गोल चुकवला, २१-१८ ने हरले. जानेवारी २०१३ ला फ्लॅकोने अर्धं मिनिट उरलं असताना ७० यार्डचा पास टाकला आणि डेन्व्हरच्या सेफ्टीला (सगळ्यात मागच्या डिफेंडरला) उडीचा अंदाजच आला नाही. मात्र त्याच मॅचच्या ओव्हरटाइममध्ये मॅनिंगने स्वतः आडवा पळत मधोमध पास फेकून इंटरसेप्शन दिला तो त्याचाच, आणि जानेवारी २००४ ला न्यू इंग्लंडला चार इंटरसेप्शन दिले तेही त्याचेच. ब्रेडी वरचढ आहे हे मी मान्य करतो, शेवटच्या ड्राइव्हला बॉल हातात आला की त्याने जे केलं ते दुसऱ्या कोणी इतक्या वेळा केलं नाही. पण ३५ आणि १४ मध्ये जेवढं अंतर दिसतं तेवढं या दोन माणसांत नव्हतं.

आता उलटी बाजू, जिथे आकडे प्लेऑफला वर जातात. बार्ट स्टार, रेग्युलर ८०.५, प्लेऑफ १०४.८, दहा मॅचमध्ये १५ टचडाउन आणि फक्त ३ इंटरसेप्शन. कर्ट वॉर्नर ९३.७ वरून १०२.८, आणि जानेवारी २०१० ला ग्रीन बेविरुद्ध ३३ पैकी २९ पास पूर्ण, ५ टचडाउन, म्हणजे चुकलेले पास चार आणि टचडाउन पाच. जो मोंटाना ९२.३ वरून ९५.६, चार सुपर बोलमध्ये ११ टचडाउन आणि शून्य इंटरसेप्शन. टेरी ब्रॅडशॉ ७०.९ वरून ८३. समोरचा डिफेन्स चांगला होत जातो आणि हे लोक वर जातात. प्लेऑफचा माणूस हे शब्द मी तरी अशांसाठीच राखून ठेवतो.

पायरी ७: काळ बघा

ब्रॅडशॉचा ८३ आकडा आज कोणाला दाखवलात तर हसतील. पण सत्तरच्या दशकात लीगची सरासरीच ६५ च्या आसपास होती, आज ती ९० च्या जवळपास आहे. १९७८ ला नियम बदलले, पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धक्काबुक्की करता येईना, लाइनमनना हात लांब करून ब्लॉक करायची मुभा मिळाली, आणि तिथून पासिंग वाढतच गेलं. जुन्या माणसाचा आकडा त्याच्या वर्षाच्या सरासरीशी लावायचा, मेहोम्सशी नाही. एवढंच, यात जास्त वेळ घालवायची गरज नाही.

पायरी ८: आता अंगठ्या काढा

इथपर्यंत आलात की अंगठ्यांचा अर्थ लागतो. ट्रेंट डिल्फरने २००० च्या सीझनला बाल्टिमोरकडून सुपर बोल जिंकला, त्या मॅचमध्ये २५ पैकी १२ पास, १५३ यार्ड, कारण त्याच्या डिफेन्सने रेग्युलर सीझनच्या १६ मॅचमध्ये मिळून फक्त १६५ पॉइंट दिले होते. मॅनिंगची दुसरी अंगठी, सुपर बोल ५०, १४१ यार्ड, टचडाउन नाही, ती व्हॉन मिलर आणि डेन्व्हरच्या डिफेन्सची. दुसरीकडे डॅन मरिनोकडे एकही नाही, जिम केलीने बफेलोला सलग चार सुपर बोलला नेलं आणि चारही हरला, त्यातला पहिला तर किकरचा ४७ यार्डचा फील्ड गोल उजवीकडून बाहेर गेला म्हणून एका पॉइंटने. चार वर्षं ओळीने तिथे पोचणं हे माझ्या लेखी डिल्फरच्या अंगठीपेक्षा मोठं काम आहे.

आता येत्या वाइल्ड कार्डला काय करायचं ते सांगतो. भारतातून बघत असाल तर अमेरिकेच्या पूर्वेकडची दुपारी एकची मॅच आपल्याकडे रात्री साडेअकराला लागते, साडेचारची पहाटे तीनला, सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला. सगळ्या मॅच बघायला जाऊ नका, एकच निवडा, एकच क्वार्टरबॅक निवडा. वहीच्या एका पानावर त्याचा प्रत्येक थर्ड डाउन लिहा, किती हवे होते आणि किती मिळाले. शेजारी सॅक, एक-दोन-तीनच्या आत की नंतर. खाली सुटलेले कॅच, दोन्ही बाजूंचे. स्कोअरमध्ये तीन टचडाउनचा फरक पडला की एक रेघ ओढा आणि रेघेखालचं वेगळं धरा. मॅच संपल्यावर स्टुडिओतली मंडळी काय म्हणतात ते ऐकायच्या आधी अॅडजस्टेड यार्डचा आकडा काढा आणि तुमचं मत एका ओळीत लिहून टाका, मग टीव्हीचा आवाज वाढवा.